दुसरी प्रत, नेवासा गट

आपत्ती आली तर काय करायचं, याची नऊ कलमं मी स्वतःच्या हातानं लिहिली आहेत. त्यांत आग आहे, पूर आहे, वाळवी, उंदीर आणि चोरी आहे. एकाहत्तरच्या डिसेंबरात लिहायला बसलो होतो म्हणून युद्धही आहे. नाहीतर नेवाशावर बॉम्ब टाकून कुणाला काय मिळणार होतं? पूर मात्र उगाच घातला. पुढच्या वर्षी पाऊस इतका कमी पडला की ते कलम वाचून लोक हसायचे.

मी कृपादान साळवे. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या नेवासा गट कार्यालयात शेतकी कारकून होतो. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण त्यातली निम्मी माणसं अजून मला बाजारात भेटतात.

त्या वर्षी कारखान्यानं उसाच्या सगळ्या नोंदी पुण्याच्या एका कॉम्प्युटर केंद्रातून फितीवर घेतल्या. बाराशे सभासद, कुणाचं किती क्षेत्र, लागण कोणत्या तारखेची, हे सगळं ताटलीएवढ्या चाकावर गुंडाळलेल्या चहाच्या रंगाच्या फितीत मावलं. केंद्र स्वतःकडे काही ठेवून घेत नसे. काम झालं की चाक परत. म्हणून आम्ही दोन चाकं करून घेतली. मूळ प्रत कारखान्यावर, कार्यालय अधीक्षक राधाकृष्ण देवढे यांच्या लोखंडी कपाटात. दुसरी प्रत पंधरा मैलांवर नेवाशात, माझ्या कपाटात. एक जळाली तर दुसरी शिल्लक.

या कामासाठी मला तीन दिवस पुण्याला पाठवलं होतं. त्या तीन दिवसांत मी यंत्र काचेतून पाहिलं आणि एक गोष्ट शिकलो: फितीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं तरी यंत्राला वाचता येत नाही, असं तिथल्या इंजिनिअरनं चार वेळा सांगितलं. एवढ्या भांडवलावर मी परत आलो तो या विषयातला तज्ज्ञ होऊनच. वासरांत लंगडी गाय शहाणी. देवढे साहेब म्हणाले, "साळवे, योजना तुम्हीच लिहा."

मी लिहिली. त्यातलं चौथं कलम मला सगळ्यात आवडायचं आणि अजूनही तोंडपाठ आहे: "मूळ प्रतीबाबत जे जे केले जाईल, ते ते दुसऱ्या प्रतीबाबत चोवीस तासांच्या आत करण्यात यावे." दोन्ही प्रती सदैव सारख्या राहाव्यात, एवढाच हेतू. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "वा." माझ्या नोकरीत मला मिळालेला तो एकच वा. सातवं कलम मात्र त्यांनी घातलं. दोन प्रती असताना जुन्या नोंदवह्या आणि भोकं पाडलेली कार्डं यांनी जागा कशाला अडवायची? सगळं बॉयलरच्या भट्टीत गेलं. त्या वह्यांवर किती साखर शिजली हे कुणी मोजलं नाही.

आता या यादीचं महत्त्व सांगतो. उसाची तोड लागणीच्या तारखेनं होते. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटतो, मग तो कुणाचा मेहुणा असो की कुणाचाच कुणी नसो. वही होती तेव्हा वहीतल्या तारखा खोडता यायच्या आणि खोडल्याही जायच्या. फितीवर खाडाखोड करायला पुण्याला जावं लागे. म्हणून ज्यांचं कुणी नव्हतं त्यांना ते चाक आवडायला लागलं होतं.

मालनबाई ठोंबरे त्यांतल्या. ओढेवाडीला त्यांचा एक एकर अडसाली, म्हणजे दीड वर्षानं तुटणारा, ऊस होता. नवरा वारलेला, पोरी नांदायला गेलेल्या, आणि एक विहीर. बहात्तरच्या पावसानं तोंड फिरवल्यावर त्या दर गुरुवारी बाजाराला आल्या की कार्यालयात डोकवायच्या.

"भाऊसाहेब, माजी नोंद हाय ना त्या चाकात?"

"आहे."

"कितवी पाळी?"

"नोव्हेंबरचा दुसरा आठवडा."

"तवर पानी पुरंल. त्याच्या म्होरं न्हाई पुरायचं. येळंवर तुटला तर सोनं, न्हाईतर सरपन." मग त्या कपाटाकडे बघून हात जोडायच्या. मी सांगायचो की बाई, तो देव नाही. त्या म्हणायच्या, "असू द्या."

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक माणूस ज्यावर पोट भरतो त्याची पूजा करतो. नांगर, टाइपरायटर, वजनकाटा, ट्रॅक्टर, न्हाव्याचा वस्तरा, कशालाही हळदकुंकू चुकत नाही. कारखान्यावर बॉयलरपुढे नारळ फुटला, आणि मग देवढे साहेबांनी कपाटातून मूळ प्रत काढली.

देवढे साहेब भाविक होते आणि नियमाचे पक्के होते. दोन्ही गुण एका माणसात आले की कठीण असतं. चाक पाटावर ठेवून त्यांनी आधी वरूनच कुंकू वाहिलं. मग त्यांच्या मनात आलं की एवढ्यानं बाहेरच्या पदरातल्या सभासदांचीच पूजा झाली. आतले बिचारे तसेच राहिले. सहकारात असा भेद चालत नाही. त्यांनी फीत उलगडली. हात दोन हात उलगडायची, पळीनं पाणी शिंपडायचं, हळद, कुंकू, अक्षता, आणि गुंडाळून पुढचा पदर घ्यायचा. तीन तास लागले. बाराशे सभासदांतला एकही सुटला नाही. मग हात पुसताना त्यांना कलम चार आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कारखान्याची जीप माझ्या दारात उभी राहिली. दसरा असूनही मला कार्यालय उघडायला लावलं होतं. जीपमधून शिपाई सहादेव उतरला. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं आणि खिशात पत्र. "कलम चार अन्वये दुसऱ्या प्रतीचे पूजन आज दुपारी बारापूर्वी पूर्ण करून अनुपालन कळवावे." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

सहादेवनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "साळवे भाऊसाहेब," तो संकोचून म्हणाला, "तुमचं कसं... तुमाला चालंल ना?"

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. मी रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात पेटी वाजवतो. हे सगळ्यांना माहीत होतं. दारात आमचा वजनकाट्यावरचा माणूस आणि गावातले दोघंतिघं प्रसादाच्या आशेनं उभे होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. नुसतं बघत होते.

मला ठाऊक होतं. त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं. "डब्यावर वाहा, आतलं उघडू नका," एवढंच म्हणायचं होतं. सहादेवनं ऐकलंही असतं. पण मी नको म्हणालो की ते फितीसाठी म्हणालो असं कुणी समजलं नसतं. साळवे खिस्ताव, त्याला आपली पूजा चालली नाही, असं संध्याकाळपर्यंत बेलापूरला पोचलं असतं. लहानपणापासून मी एकच कला शिकलो होतो, ती म्हणजे कुणाच्या वाटेत न येणं. त्या दिवशी मी भ्यालो. आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावलोही होतो, कारण माझं कलम कुणीतरी इतक्या निष्ठेनं पाळत होतं.

"करा की," मी म्हणालो.

सहादेवला एकट्याला जमेना. एका हातात पळी, दुसऱ्या हातात अक्षता, मग चाक कुणी धरायचं? मी धरलं. रुमालानं धरलं, कारण बोट लावायचं नाही असं पुण्यात सांगितलं होतं. पावणेबाराला पूजा संपली. मी अनुपालन लिहून दिलं. सहादेवनं मला पेढा दिला आणि तो मी खाल्ला.

महिनाअखेरीला तोडीचा क्रम छापून घ्यायला मूळ प्रत पुण्याला गेली. चार दिवसांनी उत्तर आलं: फीत वाचता येत नाही, यंत्रात तांदूळ सापडले, कृपया दुसरी प्रत पाठवावी. दुसरी प्रत गेली. तिचं उत्तर एका ओळीचं होतं: "दुसरी प्रत पहिल्या प्रतीशी सर्व बाबतींत जुळते."

देवढे साहेबांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर दोन्ही पत्रं आणि माझी नऊ कलमं शेजारी शेजारी मांडली होती. ते पंधरा मिनिटं कलमं चाळत होते. एक प्रत गेली तर काय, याला तीन कलमं होती. दोन्ही गेल्या तर काय, याला एकही नव्हतं.

"साळवे, तुम्हाला माहीत होतं का, असं होईल म्हणून?"

"थोडंफार."

"मग बोलायचं होतं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. वरच्यांना, म्हणजे संचालकांना, कळवताना त्यांनी "हवामानामुळे" असा शब्द घातला आणि मी तो टाइप केला.

वरच्यांना फारसं दुःख झालं नाही. यादी नाही तर नाही, क्रम आम्ही बसून ठरवू, असा निरोप आला. बसून ठरवणारे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. ओढेवाडीत पुंजारामनं गाडीवाट साफ करायला घेतल्याचं दुसऱ्याच दिवशी कानावर आलं. पुंजाराम एका संचालकाचा मेहुणा. त्याचा सात एकर ऊस मालनबाईंच्या बांधाला लागून, आणि लागण ऑक्टोबरातली, म्हणजे त्यांच्यानंतर तीन महिन्यांची. गावाला तोडणीची टोळी एकच येणार होती. ती आधी सात एकरांत शिरली तर मालनबाईंच्या उसाला डिसेंबर उलटून जाणार होता.

त्या गुरुवारी त्या आल्या. "भाऊसाहेब, हाय ना नोंद?"

मी कपाटाकडे बघितलं. कपाटात चाकाचा रिकामा डबा होता. "बघतो," मी म्हणालो.

रात्रभर झोप लागली नाही वगैरे सांगणार नाही, मी झोपलो. पण सकाळी उठून देवढे साहेबांकडे गेलो आणि एक युक्ती सांगितली. फितीच्या प्रती दोनच होत्या, पण तारखांच्या आणखी होत्या. प्रत्येकाची लागण त्याच्या बांधकऱ्याला पाठ असते. माणूस स्वतःची तारीख सोयीनं विसरेल, शेजाऱ्याची विसरणार नाही. तेव्हा नियम असा करू: कुणी स्वतःची तारीख सांगायची नाही. दोन बाजूंच्या दोन बांधकऱ्यांनी सांगायची, गावासमोर, आणि दोन्ही जुळल्या तर लिहायची. साहेबांना नियम आवडायचे. त्यांनी वरच्यांना विचारायच्या आधीच परिपत्रक काढलं. तेवढं धाडस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केलं असावं.

मग आम्ही दोघं आणि सहादेव जीपमधून गावोगाव हिंडलो. मला वाटलं होतं त्याहून ते भारी निघालं. पाण्याच्या पाळीवरून डोकी फोडलेली माणसं एकमेकांच्या तारखा धडाधड सांगत होती. "त्यानं लावला त्या दिशी त्याची म्हस माज्या बेन्यात शिरली. सोमवार हुता, कोर्टाची तारीख चुकली माजी." दुसऱ्या बाजूचा म्हणायचा, "व्हय, सोमवारच. मीच हुसकली म्हस." प्रेमानं कुणी काही लक्षात ठेवलं नव्हतं. भांडणानं ठेवलं होतं, आणि ते फितीपेक्षा पक्कं होतं. दहा दिवसांत नऊशे तारखा लागल्या.

ओढेवाडीला आम्ही अकराव्या दिवशी पोचलो. गाव पारावर जमलं होतं. पुंजारामच्या एका बांधाला मालनबाई, बाकी दोन्ही बांधांना त्याचे सख्खे भाऊ. नियमाला दोघंच लागत, आणि ते दोघं भाऊच उभे राहिले. त्याची लागण एकमतानं पंधरा जुलैची ठरली. नियम माझाच होता. मी लिहून घेतली.

मग मालनबाईंचं नाव पुकारलं. त्यांच्या एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला पुंजाराम. बांधकरी एकच.

पुंजाराम उठून म्हणाला, "माज्या मागनं लावला बाईनं. दसऱ्याच्या आसपास."

मालनबाई म्हणाल्या, "देवासमोर बोलतोयस का रं?" पण स्वतःची तारीख स्वतः सांगायची नाही, असा नियम होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पारावरून दुसरं कुणी उठलं नाही. संचालकाच्या मेहुण्याशी कुणाला वाकडं घ्यायचं होतं?

मला ती तारीख पाठ होती. तीन जुलै एकाहत्तर, शनिवार. क्षेत्र मोजायला मीच गेलो होतो. ओल्या सरीत माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता आणि मालनबाईंनी कोपराला धरून मला बाहेर ओढलं होतं. चप्पल आत राहिली ती राहिलीच. ती तारीख वहीत माझ्याच अक्षरात होती, आणि वही भट्टीत गेली होती.

"दुसरा साक्षीदार मी आहे," मी म्हणालो. "तीन जुलै. मी मोजणी केली."

पुंजाराम हसला. "तुमी? तुमचं चाक बिगाडलं म्हनून तर ही जत्रा हाय. अन् चाक का बिगाडलं त्ये बी ठावं हाय गावाला. खिस्तावाच्या कपाटात ठिवलं, दसऱ्याची पूजा त्याला सोसली न्हाई, त्यानं कायतरी केलं. लोक म्हनत्यात, मी न्हाई म्हनत."

मी देवढे साहेबांकडे बघितलं. ते वहीत बघत होते. सहादेव जीपच्या टायरकडे बघत होता. जे टाळण्यासाठी मी गप्प बसलो होतो, ते माझ्या गप्प बसण्यातूनच वाढून माझ्यापुढे आलं होतं. मला संताप आला, पुंजारामचा कमी आणि माझा जास्त.

मग मी सगळं सांगून टाकलं. फीत हवामानानं बिघडली नाही, हळद, पाणी आणि अक्षता यांनी बिघडली. पूजा करणाऱ्यांना माहीत नव्हतं, मला होतं. मला शिकवलं होतं. मी नको म्हणालो नाही, कारण तुम्ही आत्ता जे बोलताय ते ऐकायला लागेल म्हणून मी भ्यालो. उलट मी चाक धरलं. हे मी रुमालासकट सांगितलं. कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत.

देवढे साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या."

मी दोन वाक्यं लिहिली. पहिलं तारखेचं, दुसरं पूजेचं. साहेब वाचून हळूच म्हणाले, "दुसऱ्याची गरज नाही. नोकरी जाईल."

"दुसरं काढलं तर पहिलं कोण खरं मानेल?" मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, "पूजा माझ्या आदेशाने झाली. रा. देवढे." मग सहादेव पुढे आला आणि त्यानंही अंगठा उठवला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कागद वर गेला. वरच्यांनी त्यावर निर्णय द्यायला दोन आठवडे घेतले. मला निलंबित केलं, देवढे साहेबांची बदली गोदामावर झाली. पण इतक्या गावांनी इतक्या लोकांसमोर तारखा लिहून दिल्यावर क्रम बदलणं त्यांनाही जड गेलं, आणि आम्हा तिघांच्या कागदावरची तीन जुलैही खोडता आली नाही. ओढेवाडीत टोळी आधी मालनबाईंच्या एकरात उतरली, चार डिसेंबरला. विहिरीला तळ लागून तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

मी बघायला गेलो. मला काही काम नव्हतं. ऊस तुटत होता, पण वाजत होता तो वाळल्यासारखा. पानं तर बाभळीच्या शेंगांसारखी खुळखुळत होती. मालनबाई बांधावर बसून वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होत्या. मला वाटलं होतं, त्या काहीतरी बरं बोलतील. मी त्याच आशेनं गेलो होतो, हे लपवत नाही.

त्यांनी मला बसायला पोतं दिलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या दिशी तुमी न्हाई म्हनला असता तर लोक काय म्हनले असते?"

"खिस्ताव पूजेला आडवा आला."

"अन् आता काय म्हनत्यात?"

"तेच."

त्यांनी मोळीची गाठ दातांनी ओढली. "मग तवाच बोलायचं हुतं की. नाव तर त्यांनी ठिवलंच असतं. माजा ऊस तरी हिरवा तुटला असता."

"व्हय," मी म्हणालो.